करंगळीपुरतं

तिसऱ्या पानाच्या समासात स्कैद्रीतेनं पेन्सिलीनं लिहून पाठवलं:
"हे वाजवायला मला दोन डावे हात लागतील.
एकच आहे."

मी पियानोवाला. माझ्याकडे
दहा बोटं एका पंगतीला बसतात,
कुणी कुणाच्या ताटाला हात लावत नाही.
त्याच सवयीनं लिहून गेलो होतो
सगळ्यात खालचा ए, आणि त्याच्या डोक्यावर सी,
दोन्ही एकदम, दोन्ही लांबवलेले, हळुवार.
कागदावर काय शोभत होते दोघे!

ट्राममधून उतरलो तर लिएपायाचा तो वारा,
टोपी डोक्यावर राहीना, हातात धरून चाललो.
तिच्या स्वयंपाकघरात धुरावलेल्या माशाचा वास,
काळा ब्रेड, खिडकीखाली उघडी पेटी.
तिनं व्हायोलिन माझ्या हनुवटीखाली कोंबलं.
"वाजव."

ए सापडला, जी तारेवर.
"आता सी."
तोही जी तारेवरच.
शेजारची डी तार सुरूच होते त्याच्या वर.
दोन बोटं एकाच तारेवर टेकवली
तर पुढचं बोलतं,
मागचं नुसतं दाबून उभं.
एका म्यानात दोन तलवारी.
मी ओशाळून ब्रेडकडे बघितलं.

"आणि इथे जी आणि ए एकत्र मागितलेस.
मधल्या डीचं काय करू? तिला बाहेर उभं करू?
गजाला उडी मारता येत नाही रे,
त्याला शेजार लागतो."

मग ती बोलत राहिली, कॉफी निवत राहिली.
सहाव्याचं अंतर हाताला आवडतं.
तिसऱ्याचं चालेल, पण एकामागून एक आठ नकोत.
पंचमाला एकच बोट दोन तारांवर आडवं पडतं,
आणि सरळ बोट देवानं कुणालाच दिलेलं नाही,
तेव्हा पंचम लिहिशील तर दया करून लिही.
"आणि मोकळी तार विसरतोस तू.
तिला कुणी धरून ठेवावं लागत नाही."

निघताना तिचा डावा हात पानाच्या पाठीवर ठेवायला सांगितला
आणि पेन्सिल फिरवली भोवती.
करंगळी दुसऱ्या पेरापाशी वाकडी.
"नऊ वर्षांची होते. बर्फ, घसरगाडी, झाड."
एवढंच म्हणाली.

तो हात पियानोवर चिकटवला.
रात्रभर त्यालाच विचारत होतो:
मागच्या ठोक्याला तर्जनी कुठे होतीस?
अनामिके, तू तिच्यावरून जाणार की खालून?
पाची बोटं सारखी नसतात,
इथे तर चारच कामाची,
अंगठा खाली मान धरून बसलेला.
खोडरबराचा चुरा झाडला की पुन्हा साचे.
शेवटाकडे एक जोडी होती,
तर्जनी खाली, करंगळी अष्टकाच्याही पलीकडे, दहाव्या घरी.
मला सगळ्यात आवडलेली.
चिकटवलेल्या हाताकडे पाहिलं, आणि पुसली.

आठवड्यानं तिनं नवी पानं वाजवली,
उभ्यानंच, चष्मा न लावता.
सगळं हाताखालून गेलं, नदीनं दगडांवरून जावं तसं.
एके ठिकाणी थांबली.
कागद उजेडाकडे धरला.
"इथे काहीतरी होतं."

"होतं. तुमच्या करंगळीला…"

"करंगळीला विचारलं होतंस?"

मी गप्प.

"खाली नाही जमायचं. वर सरकव.
घोडीकडे जावं तशी घरं जवळ येतात,
इतकी, की म्हातारीचा हातही पुरतो."
तिथेच लिहिलं, तिच्या टेबलावर, अष्टकभर वर.
पहिल्या खेपेला मांजरीच्या शेपटीवर पाय पडला.
दुसऱ्या खेपेला खालचा स्वर खरा, वरचा केसभर आखूड.
तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले,
वाकडं पेर थरथरलं,
आणि काय झालं ते सांगता येत नाही,
कारण गज त्याच क्षणी उचलला गेला होता.

"आज नाही," ती म्हणाली.
माझ्या हातातलं खोडरबर काढून घेतलं
आणि ब्रेडच्या डब्यात टाकून झाकण लावलं.